फोटोतून देश कळतो का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला भूगोल शिकवते. आमच्याकडे लोकवर्गणीतून मोठा स्मार्ट टीव्ही आला आहे. जगातले देश शिकवताना मी त्यावर नेटवरचे फोटो दाखवते. मुलं रंगून जातात, पण नंतर लिहायला सांगितलं की जपान म्हणजे किमोनो, केनिया म्हणजे झोपडी आणि सिंह, इजिप्त म्हणजे पिरॅमिड आणि उंट, एवढंच येतं. हे तर पुस्तकातूनही येत होतं. फोटोंमुळे दुसऱ्या देशातली माणसं खरंच कळतात का? काही शाळा परदेशातल्या शाळांशी फोटोंची देवाणघेवाण करतात असं ऐकलं. त्यातून काही साधतं का, आणि आमच्यासारख्या शाळेला ते जमेल का?
— एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : तुमच्या मुलांनी जे पाहिलं तेच लिहिलं, त्यांचं काही चुकलेलं नाही. ‘जपानी संस्कृती’ असं टाकून शोधलं की पडद्यावर किमोनो, चेरीचा बहर आणि फुजी पर्वतच येणार. नेटवरचे असे बरेचसे फोटो प्रवाशांनी काढलेले असतात, नाहीतर प्रवाशांना बोलावण्यासाठी काढलेले असतात. प्रवासी मोबाइल उचलतो तो आपल्या घरी जे दिसत नाही त्याच्यासाठी. ओसाकातलं एखादं पोर मंगळवारी सकाळी दप्तर अडकवून शाळेला निघालंय, हा फोटो तो कशाला काढेल? आपल्याकडे आलेला परदेशी पाहुणाही वासुदेव टिपतो, पालखी टिपतो. तालुक्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारी मुलं त्याच्या फोटोत आलीच तर चुकून येतात.

म्हणून पहिला बदल शोधण्यातच करा. देशाचं नाव टाकून संस्कृती शोधण्याऐवजी वस्तू शोधा. चूल, झाडू, चपला, अंथरूण, दप्तर, दात घासायचं साधन, पाणी साठवायचं भांडं. एक वस्तू धरायची आणि तीच वेगवेगळ्या देशांतल्या घरांत पाहत जायचं. या कामाचा मोठा भाग कुणीतरी आधीच करून ठेवलेला आहे, आणि तो फुकट पाहता येतो.

स्वीडनमधल्या गॅपमाइंडर या संस्थेच्या ॲना रॉसलिंग रॉनलुंड यांनी ‘डॉलर स्ट्रीट’ हा प्रकल्प उभा केला. कल्पना अशी की सगळं जग एकाच लांबलचक रस्त्यावर राहतं. एका टोकाला सगळ्यांत गरीब घर, दुसऱ्या टोकाला सगळ्यांत श्रीमंत, आणि मधल्या घरांची रांग लागते ती त्यांच्या महिन्याच्या उत्पन्नावरून. छायाचित्रकार देशोदेशीच्या घरांत गेले आणि प्रत्येक घरात त्याच त्याच वस्तूंचे फोटो घेतले. दार, छप्पर, चूल, संडास, पलंग, साबण, मुलांची खेळणी. सजवून, आवरून नव्हे, जसं असेल तसं. भारतातली बरीच घरं त्यात आहेत. हे फोटो श्रेय देऊन वापरायला मोकळे आहेत, त्यामुळे शाळेत दाखवताना मनात शंका ठेवायचं कारण नाही.

वर्गात सुरुवात दात घासण्यापासून करा. रस्त्याच्या गरीब टोकाला बोट दिसतं, काडी दिसते. पुढे प्लॅस्टिकचे ब्रश येतात, तेही आधी घरात मोजकेच आणि मग माणशी एक. श्रीमंत टोकाला विजेवर चालणारा ब्रश. आता मुलांना देशांची नावं झाकून फोटो दाखवा आणि विचारा, हे घर कुठलं असेल? काडीचा फोटो आला की कुणीतरी हमखास म्हणणार, आमची आजी अशीच कडुलिंबाची काडी चावते. दुसरं कुणी राखुंडीचं नाव काढेल. फोटो मात्र आफ्रिकेतला निघेल. हा क्षण तुम्हाला हवा आहे. केनिया म्हणजे झोपडी असं लिहिणाऱ्या मुलाला पहिल्यांदा जाणवतं की दूरच्या देशातल्या एका घराशी त्याच्या आजीचं घर जुळतं, आणि त्याच देशातलं दुसरं घर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या फ्लॅटशी जुळतं. चीन, नायजेरिया, ब्राझील, भारत, कुठेही जा, मिळकत सारखी असली की स्वयंपाकघरं पुष्कळशी सारखी दिसतात. आपण ज्याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणून वहीत उतरवून घेत होतो त्यातलं बरंच काही निव्वळ गरिबी असते किंवा निव्वळ सुबत्ता. हा फरक सातवीच्या मुलाला समजतो. मी म्हणेन, भूगोलाच्या तासाला शिकवण्यासारखी याहून महत्त्वाची गोष्ट फार थोडी असेल.

मिळकतीचा भाग बाजूला काढल्यावर जे उरतं ते बघायला अन्न सगळ्यांत चांगलं. अमेरिकन छायाचित्रकार पीटर मेंझेल आणि लेखिका फेथ डी’अलुइसिओ यांनी २४ देशांतल्या ३० कुटुंबांना एकेका आठवड्याचं सगळं अन्न समोर मांडायला सांगितलं आणि त्या अन्नासकट घरच्यांचे फोटो काढले. ‘हंग्री प्लॅनेट’ या नावाने २००५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात भारतातलं घर उज्जैनचं आहे. एक फोटो चाडमधल्या निर्वासितांच्या छावणीतला आहे. सुदानमधून आलेली आई आणि तिची पाच मुलं तंबूसमोर बसली आहेत. पुढ्यात धान्याची पोती आणि इतर जिनसांचे लहान लहान ढीग. छावणीत मिळणारा शिधा सोडून त्या आठवड्यात त्यांनी बाजारातून जे आणलं त्याची किंमत होती १.२३ डॉलर. शेजारी श्रीमंत देशातला फोटो ठेवला की त्यात बाटल्या, डबे, पाकिटं यांनी टेबल भरलेलं दिसतं. मुलांना काहीही न सांगता एकच काम द्या : पाकिटबंद वस्तू मोजा आणि पिकवलेल्या, दळलेल्या वस्तू मोजा. मग हीच यादी आपल्या घरची करून आणा. किराणा दुकानातून आलेल्या पुड्या, शेतातून आलेली पालेभाजी, रेशनचा तांदूळ, वेफर्सची पाकिटं. तुम्हाला दिसेल की मुलं चाडची कीव करणं थांबवतात आणि प्रश्न विचारू लागतात. ती छावणीत का आली? ते धान्य कुठलं? त्याची भाकरी होते का? भूगोल, इतिहास आणि स्वयंपाक एकाच तासात येतात.

इथे एक सावधगिरी हवी आणि ती मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण ती सोडली तर बाकीचं सगळं पोकळ होईल. फोटो कुणीतरी काढलेला असतो. त्याने काय चौकटीत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं हे विचारायला मुलांना शिकवायला हवं. यासाठी आपल्या घरचंच एक उदाहरण आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्या फोटोंत वेगवेगळ्या समाजांची माणसं आपापल्या वेषात उभी किंवा बसलेली दिसतात आणि त्यांच्या मागे मुंबईतली एखादी जागा दिसते. प्रत्यक्षात ती माणसं त्या जागी नव्हतीच. त्यांना स्टुडिओत बसवून फोटो काढला, मग आकृत्या कापून दुसऱ्या फोटोवर बसवल्या आणि त्याचा नवा फोटो केला. कोण कुणाशेजारी बसेल, मागे काय दिसेल, कुणाच्या फोटोखाली कोणती जात लिहायची, सगळं जॉन्सनने ठरवलं. लंडनमध्ये ते खंड उघडणाऱ्याला वाटलं असणार, मुंबई अशी आहे. हे फोटो आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर खुले केले आहेत. मुलांना दाखवा. आपल्याच खापरपणजोबांना कुणीतरी असं नमुन्यासारखं मांडलं होतं हे पाहिलं की दुसऱ्यांचे फोटो बघण्याची नजर बदलते.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. एडवर्ड कर्टिस हा तिथल्या मूळ रहिवाशांचे फोटो काढत हिंडला आणि त्याने त्यांचे वीस खंड प्रसिद्ध केले. त्यातला १९१० चा एक फोटो पीगन लोकांच्या तंबूतला आहे. दोन पुरुष बसले आहेत आणि त्यांच्या मधोमध एक घड्याळ ठेवलेलं आहे. प्रसिद्ध झालेल्या फोटोत ते घड्याळ नाही. ते खोडून काढलं. वाचणाऱ्याला ‘जुने, अस्सल’ आदिवासी हवे होते आणि घड्याळ त्यात बसत नव्हतं. मुळातला आणि बदललेला, दोन्ही फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात नेटवर बघता येतात. शेजारी शेजारी लावा आणि मुलांना फरक शोधायला सांगा. सापडल्यावर विचारा, घड्याळ का नको होतं? या एका प्रश्नावर पूर्ण तास जाईल आणि तो जाऊ द्यावा. त्यानंतर झोपडीचा फोटो आला की एखादं मूल आपण होऊन विचारेल, मोबाइलचा टॉवर चौकटीबाहेर ठेवलाय का?

आता तुमचा दुसरा प्रश्न. देवाणघेवाणीतून साधतं, आणि नुसतं पाहण्यापेक्षा पुष्कळ जास्त साधतं. त्याचं कारण असं की आपले फोटो पाठवायची वेळ आली की मुलं दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहतात. आत्तापर्यंत ती बघणारी होती, आता त्यांना कुणीतरी बघणार असतं. काय दाखवायचं यावर वर्गात वाद होतोच. कुणी म्हणतं दिवाळीचा किल्ला पाठवू, कुणी म्हणतं बैलपोळा. कुणी म्हणतं पाण्याच्या टँकरपुढची रांग पाठवू, त्यावर दुसरं कुणी भडकतं, आपली अब्रू कशाला घालवायची? तुम्ही लगेच निवाडा करू नका. हा वाद मुलांच्या तोंडून पुरता होऊ द्या. कर्टिसने घड्याळ का खोडलं हे त्यांना आता आतून कळत असतं, कारण टँकर खोडावा की ठेवावा हे त्यांनाच ठरवायचं आहे. शेवटी मुलं जे ठरवतील ते पाठवा, पण का ठरवलं ते प्रत्येक फोटोखाली दोन ओळींत लिहून घ्या. हा मजकूर मुलांचाच असू द्या. तुम्ही सुधारलेलं शुद्ध मराठी किंवा घोटवलेलं इंग्रजी तिकडच्या मुलांच्या उपयोगाचं नाही.

पहिल्या खेपेला विषय एकच ठेवा. माझी शिफारस शाळेतलं दुपारचं जेवण. जपानशी जोडणी झाली तर याच विषयावर केवढं बोलता येतं पाहा. तिथल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत सगळ्यांना एकच जेवण असतं आणि १९५४ च्या कायद्याने त्याला आधार दिलेला आहे. जेवण वर्गातच होतं. पाळी लागलेली मुलं पांढरी टोपी, पांढरा अंगरखा आणि मास्क घालून मोठी पातेली आणतात आणि वर्गमित्रांना वाढतात. गुरुजी किंवा बाई मुलांबरोबरच जेवतात. ताटलीत भात किंवा पाव, एक भाजी, सूप आणि बहुधा रोज दूध. वर्ग, जिने, संडास हेही मुलंच झाडतात-पुसतात. आपल्याकडच्या फोटोत ओसरीवर बसलेली पंगत असेल, स्वयंपाक करणाऱ्या ताई असतील, खिचडी किंवा मटकीची उसळ असेल, जेवणानंतर नळावर ताट धुणारी रांग असेल. दोन्हीकडे शाळेत मिळणारं जेवण आहे आणि दोन्हीकडची मुलं त्याबद्दल कुरकुर करतात. तिकडून विचारतील, जमिनीवर का बसता, हाताने का जेवता? आपली मुलं विचारतील, तुमच्या शाळेत वाढपी का नाही, संडास तुम्ही का धुता? हा शेवटचा प्रश्न आपल्या वर्गात परत येऊन चांगलाच टोचतो. आपल्या शाळेत झाडू कोण मारतं, संडास कोण साफ करतं आणि ते काम कुणाचं असं आपण धरून चाललो आहोत, हे मुलांनी एकमेकांना विचारलं तर मला आनंदच होईल.

सोबतीची शाळा कशी शोधायची? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं हे तुम्हाला ठाऊक असेलच. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना नेटवरून बोलतं करणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. परितेवाडीहून जमलं तर तुमच्याकडूनही जमेल. आयअर्न ही संस्था १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून सुरू झाली आणि आज शंभराहून जास्त देशांत शिक्षकांची एकमेकांशी गाठ घालून देते. सभासद होण्याआधी अटी आणि शुल्क नीट वाचून घ्या.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर मॉरिशसपासून सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, शाळांतून मराठी शिकवलं जातं, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. घरात मात्र बहुतेकांची बोली क्रिओल. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे एखाद्या दिवशी समोरासमोर बोलायचं ठरलं तरी शाळेच्या वेळेत जमतं. तिकडचं मूल मराठी कविता म्हणून दाखवतं आणि डब्यातलं जेवण दाखवताना मधेच फ्रेंच वळणाचं नाव सांगतं, तेव्हा मराठी माणूस म्हणजे कोण याची आपल्या मुलांची कल्पना मोठी होते. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळा हाही एक मार्ग आहे. पण तिथल्या मुलांकडून अमेरिका कळेल ती स्थलांतरित घरातली, हे ध्यानात ठेवून बघा. तीही अमेरिकाच आहे.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि बालकाची माहिती हाताळायला पालकांची खात्रीशीर संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते. मुलांचे फोटो कुठल्याही खुल्या खात्यावर टाकू नका. दोन शिक्षकांमध्ये बंद फोल्डर असावा आणि तो कोण उघडू शकतं हे तुम्हाला माहीत असावं. पालकांच्या सभेत फोटो आधी दाखवा, मग सही घ्या. चेहरे शक्यतो टाळा. हात, ताट, चपलांची रांग, दप्तर, फळा, हापसा यांत पुष्कळ सांगता येतं. गणवेशावर शाळेचं नाव असेल तर तो कोन टाळा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद बंद करा, नाहीतर फोटोसोबत शाळेचा नेमका ठिकाणाही जातो. ज्या घरचा फोटो काढायचा त्या घरच्या बाईंना विचारायचं, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवायचा. मुलं हे एकदा शिकली की आयुष्यभर पुरतं.

बाकी तुमच्या अडचणी किरकोळ आहेत. नेट जातं-येतं, तर फोटो आदल्या दिवशी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. नेटवरचे फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणाहून घ्या. तिथे प्रत्येक फोटोच्या पानावर कुणी काढला, कधी काढला, कोणत्या अटीवर वापरता येईल हे सहसा लिहिलेलं असतं. साध्या शोधात आता यंत्राने बनवलेली चित्रं सर्रास येतात. गोड हसणारी, स्वच्छ, एकसारख्या चेहऱ्यांची परदेशी मुलं दिसली आणि छायाचित्रकाराचं नाव कुठेच नसेल, तर ते वर्गात आणू नका. कोणत्याही देशाचा एकच फोटो दाखवून थांबू नका. निदान तीन दाखवा, तेही वेगवेगळ्या मिळकतीच्या घरांचे. शाळेचं वर्ष जुळवून घ्यावं लागतं. जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडे जूनमध्ये, मॉरिशसमध्ये जानेवारीत. जुलै ते नोव्हेंबर हा काळ धरलात तर मधल्या सुट्ट्या वगळून दोन-तीन फेऱ्या सहज होतात.

आणि तिकडून फोटो आले की पहिल्या दिवशी तुम्ही काहीच समजावून सांगू नका. फोटो भिंतीवर लावा किंवा टीव्हीवर ठेवा, मुलांना जोडीजोडीने पाहू द्या आणि प्रत्येक जोडीकडून एक प्रश्न लिहून घ्या. ‘किती छान आहे’ हा प्रश्न होत नाही, तो परत करा. उत्तर तुम्हाला येत असलं तरी देऊ नका, तिकडच्या मुलांना पाठवा. उत्तर यायला आठवडा लागेल. तेवढ्या दिवसांत मुलं आपापसात अंदाज बांधतील, ते अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि उत्तर आल्यावर शेजारी लिहा.